कॅप्टनसाहेबांची बाटली

आमच्या घरात कामं वाटून दिलेली आहेत. आई काळजी करते, मी चिडते आणि अण्णा घाबरतात. धाकटा साई तेवढा हसतो. तो बोटीवर नोकरीला लागल्यापासून घरात हसणारं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे बाकीची तीन कामं जोरात चालली होती.

अण्णा म्हणजे माझे वडील, गोटीराम. सातपूरच्या एका कारखान्याच्या गेटवर ते वॉचमन. शिफ्ट सुटली की कामगारांच्या पिशव्या, डबे, खिसे तपासायचे, हे त्यांचं काम. एखादं बेअरिंग बाहेर गेलं तर साहेब पहिला जाब गेटवरच्या माणसाला विचारणार, या धास्तीत त्यांचे केस पांढरे झाले. पण त्यांची एक पद्धत होती आणि तिचा त्यांना फार अभिमान. पिशवीत हात घालण्याआधी समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, "काही हाय का?" असं विचारायचं आणि थांबायचं. जो आधी बोलला त्याची वस्तू केबिनमध्ये ठेवायची, विषय संपला. जो 'नाही' म्हणाला आणि मग सापडला, त्याची रवानगी थेट ऑफिसात. "आधी सांगितलं तर चूक, नंतर सापडली तर चोरी," असं ते आम्हा दोघांना लहानपणापासून ऐकवत आले. साई फुलदाणी फोडायचा आणि आधी सांगून मोकळा व्हायचा. मार मलाच बसायचा.

साईने नाशिकमध्येच हॉटेलचा कोर्स केला, मग दोन वर्षं हातात फाईल घेऊन मुंबई पालथी घातली आणि शेवटी एका मोठ्या प्रवासी बोटीवर वेटर म्हणून चिकटला. हिवाळ्यात ती बोट मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा फेऱ्या मारायची. २००६ साल होतं. दिवाळी होऊन गेली होती आणि दोन फेऱ्यांच्या मधे एक रात्र सुटी मिळाली म्हणून साई घरी आला होता.

जेवणं झाल्यावर तो, अण्णा आणि मी गच्चीवर बसलो होतो. त्याच्या खोलीत राहणाऱ्या एका गोव्याच्या पोराला मागच्याच फेरीत बोटीवरून उतरवलं, असं त्याने सांगितलं. बॅगेत दारूची एक बाटली सापडली, एवढंच कारण.

"पाहुणे लोक आणतात की बाटल्या," साई म्हणाला. "चढतानाच काढून घेतात, नावाची चिठ्ठी लावून ठेवतात, उतरताना परत देतात. आमचं उलटं. आमच्याकडे सापडली तर बाटली ठेवून घेतात आणि माणूस परत देतात."

तो हसला. मीही हसले. अण्णा हसले नाहीत.

"मग त्या पोराचं काय झालं?"

"काय होणार? नाव काळ्या यादीत गेलं. आता कुठलीच बोट नाही घेणार. अण्णा, हे आईला नका सांगू, उगाच झोपायची नाही."

आईला सांगितलं नाही, तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. आई त्या वेळी खाली स्वयंपाकघरात कंदिलाच्या उजेडात साईचे मोजे शिवत बसली होती. लोडशेडिंग चालू होतं. बोटीवर काळेच लोकरीचे मोजे लागतात आणि साईच्या दोन्ही मोज्यांच्या टाचा फाटलेल्या. काळी लोकर घरात नव्हती म्हणून तिने माझ्या जुन्या स्वेटरची जांभळी लोकर काढली होती. मी खाली आले आणि म्हटलं, "आई, टाचा कांद्यासारख्या दिसतायत." ती म्हणाली, "बुटात कोण बघतंय गं!"

पहाटे साईचा मित्र रवी मोटरसायकल घेऊन आला. त्याचं गंगापूर रोडला मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. दर वेळी साईला नाशिक रोडला गाडीवर बसवून द्यायचं काम त्याच्याकडेच असतं. साई आईच्या, अण्णांच्या पाया पडला, बॅग मांडीवर घेऊन मागे बसला आणि दोघं गेले. अण्णांची त्या दिवशी साप्ताहिक सुटी होती. आम्ही चहाला बसलो.

आई आज फारच खुशीत होती. बशीत चहा ओतता ओतता म्हणाली, "या वेळी म्या कॅप्टनसाहेबालाबी धाडलंय बरं का."

"काय धाडलंस?" मी विचारलं.

"गोरक्षानं दिवाळीला दिलेली ना, ती बाटली. त्याच्या मळ्यातल्या द्राक्षाची."

गोरक्ष म्हणजे माझा मामा. खायच्या द्राक्षाचा बाग मोडून त्याने वाइनच्या द्राक्षाचा लावला होता. ज्या कंपनीला तो माल घालायचा तिने दिवाळीला शेतकऱ्यांना एकेक बाटली दिली, ती त्याने माळकऱ्याच्या घरी ठेवायला नको म्हणून आमच्याकडे आणून टाकली होती. फळीवर केरोसीनच्या कॅनमागे ती पडून होती.

आता आमच्या आईचं डोकं कसं चालतं ते सांगायला हवं. आमच्याकडे ज्या ज्या साहेबाने आमचं काम केलं, त्याच्या घरी माघ-फाल्गुनात द्राक्षाची पेटी गेलीच. माझ्या शाळेतल्या नोकरीच्या वेळी गेली, अण्णांना गेटवर कायम केलं तेव्हा गेली. ती लाच नव्हे, काम झाल्यावर तोंड गोड करायची रीत. कॅप्टन आपल्या पोराला नावाने हाक मारतो, हे साईने फोनवर सांगितल्यापासून आईच्या डोक्यावर त्या पेटीचं ओझं होतं. पण कार्तिकात द्राक्षं कुठून आणायची? तेव्हा द्राक्षाची बाटली. तिच्या हिशोबात फरक काहीच नव्हता.

"साईला सांगितलंस?" अण्णांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता. त्यामुळेच मला भीती वाटली.

"त्याला कशाला सांगू? दर वेळी लाडूबी काढून ठेवायला लावतो. पार तळाला घातलीय. फुटू नये म्हणून त्याच्या मोज्यात घालून. तिथं बॅग उघडंल की सापडंल आणि दील साहेबाला."

अण्णांनी कप खाली ठेवला. तो बशीत नीट बसेना. मग त्यांनी रात्री गच्चीवर साईने सांगितलेलं सगळं आईला सांगितलं. आईचा चेहरा बघवेना. "म्या माझ्या हातानं पोराच्या पोटावर पाय दिला," एवढंच ती म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून बसली.

मी साईच्या मोबाइलला फोन लावला. लागला नाही. गाडी घाटात असणार, कसारा उतरेपर्यंत रेंज नसते. माझं डोकं अजून शाबूत होतं. मी म्हटलं, "घाट उतरला की लागेल. त्याला सांगू, तो खिडकीतून टाकून देईल. त्याला दुपारी बोटीवर हजर व्हायचंय. भरपूर वेळ आहे. अण्णा, तुम्ही लावत राहा, मी शिकवणी उरकून येते. कुणी काही करायचं नाही."

शिकवणी मागच्याच गल्लीत होती. त्या दिवशी मी पोरांना काय शिकवलं, देव जाणे. परत आले तर अण्णा फोनपाशी उभे होते आणि चेहऱ्यावर जरा शांतपणा होता.

"लागला?" मी विचारलं.

"साईचा नाय लागला. म्हणून म्या हापिसात लावला."

"कुठल्या हापिसात?"

"त्याच्या कंपनीच्या. मुंबईला. नंबर होता कॅलेंडरवर लिहिलेला. म्हटलं, माझ्या पोराच्या बॅगेत एक बाटली हाय, त्याच्या आईनं न सांगता घातलीय, त्याला ठाव नाय, त्याचा दोष नाय. ते साहेब म्हणले, बरं झालं सांगितलंत." अण्णा माझ्याकडे बघत होते. "आधी सांगितलं म्हणजे मग चोरी नाय ना."

मला भयंकर राग आला. पण त्यांना तरी काय म्हणणार? आयुष्यभर त्यांनी गेटवर हाच न्याय चालवला होता. त्यांना वाटलं, जगातली सगळी गेटं तशीच चालतात. मी पुन्हा साईला फोन लावत बसले. घंटी वाजत राहिली, त्याने उचलला नाही. नंतर कळलं, मोबाइल बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात होता आणि गाडीतल्या कलकलाटात त्याला ऐकू आला नव्हता.

दुपारी फोन वाजला. मी झडप घालून उचलला.

"ताई," साई म्हणाला. आवाज इतका खाली की आधी मला तो ओळखूच आला नाही. "अण्णांनी ऑफिसला फोन केला होता?"

"हो. साई, ऐक, ती बाटली..."

"बाटली माझ्याकडे नाहीये, ताई. मी स्टेशनवरच बॅग उघडली होती. दर वेळी उघडतो. आई काही ना काही कोंबतेच आणि घरचं खायचं बोटीवर नेता येत नाही. ते सगळं मी रवीला देतो. आज बाटली निघाली, गाडी येऊन थांबली होती, तशीच त्याच्या हातात दिली."

मला एकदम हलकं वाटलं. "मग झालं की! देवच पावला!"

"काय झालं?" त्याचा आवाज फाटला. "इथे बोटीच्या शिडीपाशी सगळ्यांसमोर बॅग उलटी केली माझी. बाटली नाही म्हटल्यावर जास्तच चिडले. म्हणतात, तुझा बाप स्वतः सांगतो बाटली आहे, मग कुठे लपवलीस? कुणाकडून वर पाठवलीस? माझ्याबरोबर आलेल्या दोघांच्या बॅगा पण उघडल्या. ते माझ्याशी बोलत नाहीत आता. मी सांगतोय मित्राकडे दिली, तर म्हणतात, असं सगळेच सांगतात. ताई, बाटली दाखव नाहीतर बॅग घेऊन जा, असं सांगितलंय. संध्याकाळी बोट सुटते. ताई, मला..." तो थांबला. मागून कुणीतरी हिंदीत ओरडलं आणि फोन बंद झाला.

मी परत लावला तर मोबाइल बंदच.

साई घाबरलेला मी कधी ऐकला नव्हता. लहानपणी विहिरीत पडला तेव्हाही वर काढल्यावर हसत होता. त्याचा तो आवाज ऐकून मी सरळ जमिनीवर बसले. आईला आणि अण्णांना सगळं सांगितलं. आई रडायला लागली. अण्णा भिंतीला टेकून उभे होते, ते हळूच म्हणाले, "त्यांचं बरोबर हाय."

"काय बरोबर आहे?" मी ओरडले.

"म्याबी हेच इचारलं असतं. हाय म्हणून सांगितलेली वस्तू गेटवर निघाली नाय, तर ती आत गेली, दुसरं काय?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. बाटली बोटीवर चढलीच नव्हती. अण्णांनी ती फोनवरून चढवली होती आणि आता ती उतरवायची कशी, हे कुणालाच कळत नव्हतं.

मी स्कूटी काढली, अण्णांना मागे बसवलं आणि गंगापूर रोडला रवीच्या दुकानावर गेले. सगळ्या वाटेत अण्णांनी माझा खांदा इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते. मनात एकच: रवीने ती फोडली असेल, मित्रांना वाटली असेल. रवी काही कुणी साधुसंत नव्हे.

आम्हाला दोघांना पाहून तो काउंटरमागे उभाच राहिला.

"बाटली कुठंय?" अण्णांनी विचारलं.

"कसली बाटली, काका?" रवीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे. साईने त्याला शपथ घातली असणार. आईचे लाडू दर वेळी रवीच्या घरी जातात हे आईला कळू नये म्हणून.

"रवी, साईची नोकरी चाललीय," मी म्हटलं. "आहे की प्यायलास?"

त्याने काउंटरखाली वाकून एक बुटाचं खोकं काढलं. खोक्यात बाटली, आणि बाटली अजून मोज्यातच. "दुकानात उघडी बाटली कशी ठेवणार?" रवी ओशाळून म्हणाला. "म्हणून मोजा राहू दिला. रात्री पार्टी होती आमची, ताई. वाचली म्हणायची."

अण्णांनी बाटली दोन्ही हातांत घेतली आणि ते लगेच निघाले. ती घेऊन मुंबईला जायचं, यापलीकडे त्यांच्यापाशी काही बेत नव्हता आणि माझ्यापाशीही नव्हता. रवीच्या दुकानातून आईला फोन केला, स्कूटी तिथेच ठेवली. रवीने आम्हाला द्वारका चौकात सोडलं आणि आम्ही मुंबईच्या शेअर टॅक्सीत बसलो. अण्णा खिडकीपाशी, मी मधे, पलीकडे एक व्यापारी आणि पुढे ड्रायव्हरशेजारी कुणी बाई. बाटली माझ्या मांडीवर, ओढणीखाली.

इगतपुरी मागे पडल्यावर अण्णा माझ्या कानाशी आले. "सुवर्णा, बाटली जवळ बाळगायला परमिट लागतं."

"गप्प बसा."

"खरं सांगतो. दारूबंदीचा कायदा हाय आपल्याकडं. धरलं तर..."

"अण्णा, पाया पडते तुमच्या, गप्प बसा."

आणि घाटाच्या तोंडाशी पोलिसांनी गाडी थांबवली. काही खास नव्हतं, नेहमीची तपासणी. एका हवालदाराने खिडकीतून डोकं आत घातलं, आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ड्रायव्हरला विचारलं, "काही आहे का?"

तेच शब्द. पंचवीस वर्षं अण्णांनी जे दुसऱ्यांना विचारलं ते त्यांच्या तोंडासमोर येऊन उभं राहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ उघडत होते. उजवा हात मांडीवरून उचलला जात होता, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलाचा उचलतो तसा. इथे उतरवलं तर आम्ही चौकीत बसणार, बोट सुटणार, साई रस्त्यावर. माझी तर पाचावर धारण बसली. मी ओढणीखालून त्यांचं मनगट पकडलं आणि नखं रुतवली. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, डोळ्यांत पाणी होतं. ते गप्प राहिले.

"काही नाही, साहेब, घरचीच सवारी," ड्रायव्हर म्हणाला. हवालदाराने गाडीच्या टपावर थाप मारली.

कसाऱ्यापर्यंत अण्णा मनगट चोळत होते. "आयुष्यात पयल्यांदा," असं काहीतरी पुटपुटले. मला त्यांची दया आली आणि रागही तसाच होता. रवीकडून मागून घेतलेल्या मोबाइलवरून मी साईला फोन लावून बघत होते. बंद, बंद, बंद.

दादरला उतरून आम्ही दुसरी टॅक्सी केली. बंदराच्या गेटपाशी पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती. गेटच्या आत, गोदामांच्या डोक्यावरून ती बोट दिसत होती. पांढरी, आमच्या अख्ख्या कॉलनीपेक्षा मोठी, सगळे दिवे लागलेले. तिच्याकडे बघून मला कळलं की एवढ्या मोठ्या गोष्टीला आमचा साई असला काय नि नसला काय. पाहुण्यांच्या गाड्या हसत-खिदळत आत जात होत्या. आम्हाला गेटवरच्या माणसाने हाताने अडवलं.

तो अण्णांच्याच वयाचा होता, तसाच खाकी शर्ट, तशीच शिट्टी गळ्यात. त्याने तोंड उघडण्याआधी अण्णांनी बाटली पुढे धरली.

"माझ्याजवळ बाटली हाय," ते म्हणाले. "हीच ती. माझा पोरगा बोटीवर वेटर हाय. साई नाव. त्याला हिच्यापायी उतरवतायत. ही आत गेलीच नव्हती, साहेब. ही नाशकाला होती. त्यांना जरा सांगा."

माणसाने एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा अण्णांच्या चपलांकडे. मग केबिनमध्ये जाऊन त्याने आत फोन लावला. काय बोलला ते ऐकू आलं नाही. बाहेर येऊन म्हणाला, "थांबा इथं."

आम्ही थांबलो. बोटीने एक भोंगा दिला, तो माझ्या छातीत वाजला. अण्णा मनातल्या मनात कुठल्या तरी देवाचं नाव घेत होते. मी गेटच्या गजांना धरून आत बघत होते. शेवटी गोदामाच्या वळणावर दोन माणसं दिसली. एक उंच अधिकारी पांढऱ्या कपड्यांत. त्याच्यामागे साई. साईच्या खांद्यावर बॅग होती.

बॅग बघितली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्याला उतरवलं होतं.

साई येऊन माझ्याशेजारी उभा राहिला. अण्णांकडे तर त्याने पाहिलंही नाही. अधिकाऱ्याने अण्णांच्या हातून बाटली घेतली, फिरवून बघितली आणि हिंदीत म्हणाला, "अशी बाटली नाशिकला कुठल्याही दुकानात मिळते. वाटेत विकत घेतली नाही कशावरून?"

मी अण्णांकडे पाहिलं, ते काहीतरी बोलतील म्हणून. पण अण्णांनी मान खाली घातली. त्यांना प्रश्न पटला होता. गेटवर उभं राहून त्यांनीही हाच विचारला असता. एवढ्या लांब आणलेली बाटली, आणि ती काहीच सांगू शकत नव्हती.

अधिकारी ती परत द्यायला लागला. त्याच्या मुठीतून मोज्याची टाच बाहेर आली होती. जांभळी, कांद्यासारखी.

"मोजा!" मी ओरडले. "साई, मोजा! दुसरा मोजा काढ!"

साईला क्षणभर कळलं नाही. मग त्याने बॅग जमिनीवर टाकली आणि गुडघ्यावर बसून उपसायला लागला. शर्ट, टॉवेल, दाढीचं सामान, सगळं त्या धुळीत. मोजा मिळेना. दुपारी तपासताना सगळं कुठल्या कुठे कोंबलं होतं. "होता, ताई, एकच का राहिला म्हणून मी सकाळी बघितला होता," तो सारखं म्हणत होता. अधिकारी घड्याळाकडे बघत होता. मला वाटलं, दुपारीच शिडीपाशी पडला असेल, समुद्रात गेला असेल, आता संपलं. अण्णा त्याच्याशेजारी खाली बसले. त्यांनी कशालाही हात लावला नाही, फक्त म्हणाले, "बूट बघितलास का?"

डाव्या बुटात, पार चवड्यापाशी, तो गोळा होऊन बसला होता. साईने तो ओढून काढला आणि उलगडून वर धरला. काळा मोजा, जांभळी टाच.

अधिकाऱ्याने बाटलीवरचा मोजा काढला. दोन्ही टाचा एकमेकींशेजारी धरल्या, अंगठ्याने शिवण चाचपली. दोन्हीकडे तीच मोठी, वेडीवाकडी, कंदिलाच्या उजेडातली शिवण.

"माँ ने सिया?" त्याने साईला विचारलं.

साईने मान हलवली.

"चलो. ड्यूटी पे जाओ. बाकीच्या दोघांना मी सांगतो."

त्याने दोन्ही मोजे साईच्या हातात दिले आणि बाटली अण्णांच्या. म्हणजे या वेळी बाटली परत मिळाली आणि माणूस ठेवून घेतला. हे मी साईला सांगणार होते, तो नक्की हसला असता. पण तो सामान भरत होता आणि त्याचा चेहरा बघून माझी हिंमत झाली नाही.

बॅग खांद्यावर घेऊन तो अण्णांसमोर उभा राहिला. पाया पडला. मग म्हणाला, "अण्णा, तुम्ही गेटवर चोरालाही आधी विचारता. मला एकदा विचारायचं होतंत."

"तुझा फोन लागत नव्हता रे," अण्णा म्हणाले.

"मग थांबायचं होतंत. तिथे थांबता ना?"

तो गेला. गोदामाच्या वळणावर त्याने मागे बघून हात केला, तो मला केला की अण्णांना, हे मला अजून माहीत नाही. अण्णा आता बिनमोज्याची बाटली छातीशी धरून उभे होते आणि गेटवरचा माणूस त्यांना हळूच म्हणाला, "काका, पिशवीत घाला ती, लोक बघतायत."

ती बाटली आमच्या फळीवर केरोसीनच्या कॅनमागे परत गेली. त्यानंतर गेटवर अण्णा पिशव्या जास्त वेळ लावून तपासतात, अशी कामगारांची कुरकुर होती. विचारून झाल्यावर नुसतेच उभे राहतात म्हणे.

साई पुढच्या सुटीला घरी आला तेव्हा मी दोघांकडे चोरून बघत होते. बोलणं झालं ते क्रिकेटचं, पाण्याचं. बोटीचा विषय कुणी काढला नाही. पहाटे रवीची मोटरसायकल दाराशी येऊन थांबली. साईने बॅग उचलली आणि अण्णा उठून दारात उभे राहिले. वाट अडवूनच म्हणा ना. साई थांबला.

अण्णांनी हात पाठीमागे बांधले आणि साईच्या डोळ्यांत बघितलं.

"काही हाय का?"

"काही नाही, अण्णा," साई म्हणाला.

त्याने बॅग एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि आत डबा खडखडला. लाडवांचा. स्वयंपाकघरात आईच्या भांड्यांचा आवाज एकदम थांबला. डबा मी ऐकला. अण्णांनीही ऐकला, त्यांच्या कानांना तेवढंच काम येतं.

ते दारातून बाजूला झाले. "जा," म्हणाले. "गाडी चुकंल."